मावशीला पगार नसतो

कुसाबाई पहिल्या दिवशी आमच्या दारात आली तेव्हा सासूबाई तोंडभर हसून म्हणाल्या, "या मावशी, या." तिनं चपला काढल्या, पिशवी कोपऱ्यात ठेवली आणि आधी तेवढंच दुरुस्त केलं.

"कुसाबाई म्हना. मावशी नको."

सासूबाईंना ते झोंबलं. आत येऊन त्या माझ्या कानाशी पुटपुटल्या, "काय तोरा! आणि आठ ते दहाच येणार म्हणे. पाथर्डी फाट्याला दुसरी बाई मिळत नाही म्हणून, नाहीतर..."

माझं दुसरं बाळंतपण होतं. मला आणि बाळाला न्हाऊ-माखू घालायला ती सव्वा महिना आली. हाताला पक्की, तोंडानं फटकळ. कुणी मायेनं बोललं की ती जास्तच सावध व्हायची. तेल लावता लावता तिनं मला जे सांगितलं ते तुकड्या-तुकड्यांनी सांगितलं, आणि सांगताना तिचा राग एकदाही निवला नाही.

कुसाबाई मूळची पेठ तालुक्यातली. आई सुईण होती. लग्नानंतर नवरा, देवराम, बांधकामावर आला आणि ही त्याच्याबरोबर नाशकात आली. पेठ रोडच्या आतल्या बाजूला दोन खोल्या झाल्या, दिनेश नावाचा एक मुलगा झाला, आणि देवराम एका पावसाळ्यात काविळीनं गेला. आईचं काम हिच्या हातात होतंच. गंगापूर रोडच्या एका घरातून दुसऱ्या घरात नाव पोचत गेलं आणि वीसेक वर्षांत तिनं त्या रस्त्यावरची किती बाळं पायांवर घेतली याचा तिलाही हिशेब नाही.

त्यातलं मोठं घर नलिनीताईंचं. खतं-बियाण्यांचं मोठं दुकान, गोदाम, बंगला. त्यांच्या सुनेची दोन्ही बाळंतपणं कुसाबाईनंच केली. दिनेश दहावीला अडकून घरी बसला तेव्हा नलिनीताईंनीच त्याला गोदामात लावून घेतला. तेव्हापासून त्या घराचा शब्द ती खाली पडू देत नसे.

नलिनीताईंची लेक आरोही नवऱ्याबरोबर नेदरलँड्सला राहते. तिला दिवस गेले. नलिनीताईंच्या गुडघ्यांचं ऑपरेशन झालेलं, त्यांना जाणं जमण्यासारखं नव्हतं.

"कुसाबाई, तू जा," त्या म्हणाल्या. "तीन महिने. महिना तीस हजार. विमान आमचं, खाणंपिणं आमचं. एक पैसा खर्च नाही तुला."

नाशकात दोन घरं धरून तिचे महिन्याला वीस-बावीस हजार व्हायचे, तेही सलग नाही. ती लगेच हो म्हणाली. व्हिसासाठी मुंबईला जायचं होतं तेव्हा नलिनीताईंनी समजावलं, "कुणी विचारलं तर आरोहीची मावशी आहे म्हणायचं. कामाला चालले असं बोलायचं नाही. सोपं जातं."

कुसाबाईला त्यात वावगं वाटलं नाही. उलट पेठ रोडला परतल्यावर तिनं शेजारणींना सांगितलं, की मला मावशी म्हणून नेताहेत.

आरोहीचं घर तिसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांचं. नोव्हेंबरचे दिवस होते. दुपारचा चहा होतो न होतो तोच बाहेर अंधार पडायचा. कुसाबाई पोचली आणि आठवड्याभरात आरोही बाळंत झाली, मुलगी झाली. मायलेकी दवाखान्यातून घरी आल्या आणि दुसऱ्याच सकाळी दारात एक उंच, पांढऱ्या केसांची बाई उभी राहिली. तिचं नाव मारियान.

त्या देशात बाळंतीण घरी आली की आरोग्य विम्यातून एक शिकलेली बाई आठ-दहा दिवस घरी येते. बाळाला बघते, आईला बघते, थोडं घरातलंही आवरते. म्हणजे कुसाबाईचंच काम. हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

"मग मला कशाला आनलं?" तिनं आरोहीला विचारलं.

"अहो मावशी, ती काही तासच असते. आणि मालीश, शेक वगैरे तिला कुठे येतं?"

पहिल्याच दिवशी दोघींची जुंपली. कुसाबाईनं तव्यावर ओवा आणि कापूर टाकून बाळाला धुरी द्यायला घेतली तर छताला बसवलेलं यंत्र किंचाळायला लागलं. मारियान धावत आली, तवा उचलून नळाखाली धरला आणि घरातल्या सगळ्या खिडक्या सताड उघडल्या. बाहेर हाडं गोठवणारी थंडी, आत ओली बाळंतीण! कुसाबाईनं खिडक्या लावल्या. मारियाननं उघडल्या. कुसाबाई मराठीत शिव्या देत होती, ती तिच्या भाषेत सुनावत होती आणि आरोही मध्ये पलंगावर बसून दोघींना "प्लीज, प्लीज" करत होती.

दुसऱ्या दिवशी बाळाच्या कानात तेल घालण्यावरून झालं. मारियाननं कुसाबाईचं मनगट धरलं. आरोहीनं सांगितलं, की कानात तेल घालणं चुकीचं आहे, आपले डॉक्टरही तेच सांगतात. कुसाबाईला पुढं नाशकातल्या एका नर्सनंही तेच सांगितलं. तेव्हापासून ती कानात तेल घालत नाही. पण तो धरलेला हात ती विसरलेली नाही.

दुपारी बारा-साडेबाराला मारियान आपल्या पिशवीतून पाव काढायची, टेबलाशी बसायची आणि सावकाश खायची. तेवढ्या वेळात बाळ रडलं तरी उठायची नाही. आरोही स्वतः उठायची. तिला कुणी काही म्हणायचंही नाही.

"बाळ रडतंय आन ही पाव खाते," कुसाबाई मला सांगत होती. "मला आधी तिचा राग आला. मग माझाच आला. मी तिथं एक घास बसून खाल्ला नव्हता."

कारण तिचा दिवस असा नव्हता. ती सकाळी सगळ्यांच्या आधी उठायची. शेक, मालीश, अंघोळी, मग खिरी, भाकरी, मेथीचे लाडू, कपडे, भांडी. रात्री बाळाच्या खोलीत जमिनीवर गादी, बाळ जागं झालं की ती जागी. जावई, ललित, ऑफिसातून आला की त्याला गरम पोळी लागायची. तिथल्या दुकानात तयार पोळ्या मिळत होत्या, पण आता घरात मावशी होती ना.

एकदा मारियाननं कुसाबाईकडे बोट दाखवून आरोहीला काहीतरी विचारलं. बराच वेळ विचारत होती. आरोहीचा चेहरा उतरला. ती हसून काहीतरी बोलली, त्यातला एक शब्द कुसाबाईला समजला. आँटी.

मारियान गेल्यावर तिनं आरोहीला धरलं. "काय विचारत होती ती?"

"काही नाही हो. तुम्ही कुठे झोपता, तुम्हाला सुट्टी कधी असते, असलं."

"मग तू काय सांगितलंस?"

"सांगितलं की माझी मावशी आहे, घरचीच आहे."

"सुट्टीचं काय सांगितलं?"

"घरच्या माणसाला कसली सुट्टी?" आरोही म्हणाली. ती हे सहज म्हणाली. कुसाबाईच्या म्हणण्याप्रमाणे, सहज म्हणाली तेच वाईट होतं.

मग शुक्रवारी जेवताना ललितनं पैशांची गोष्ट काढली. कामाच्या बाईसमोर आवाज कमी करायची सवय त्या घराला नव्हती. मारियानची कंपनी एका तासाचे साठ युरोच्या आसपास लावते, तो सांगत होता, बहुतेक विमा भरतो, पण दर तासामागे थोडे आपल्या खिशातून जातात.

"साठ?" आरोही म्हणाली. "तिच्या हातात किती पडत असतील?"

"अठरा-वीस तरी. शिवाय सुट्ट्या, पेन्शन. मजा आहे या लोकांची. चार वाजले की पिशवी उचलून चालू."

कुसाबाई पोळी लाटत होती. तिनं लाटणं ठेवलं. "वीस युरो म्हंजे आपले किती?"

"दोन हजार," ललित म्हणाला. सांगून झाल्यावर त्याच्या ध्यानात आलं.

"एका तासाचे?"

"मला दिवसाचे एक हजार हायेत," कुसाबाई म्हणाली. "म्हंजे तिचा अर्धा तास. आन माझा दिवस कवा संपतो ते मला कुनी सांगितलेलं नाय."

ललितनं तिला समजावायचा प्रयत्न केला. तिला इथं घरभाडं भरावं लागतं, कर किती कापतात, एक भाजीची जुडी कितीला मिळते. तुमचा खर्च शून्य आहे. तुम्ही तीस हजार नाशिकला नेणार, नाशिकात त्याची किंमत होते. त्याचं बोलणं अगदीच खोटं नव्हतं, हे कुसाबाईनंही मला कबूल केलं. पण तेव्हा तिनं एवढंच विचारलं, "काम मी नाशकात करते का हितं?"

दुसऱ्या दिवसापासून तिनं आपली वेळ ठरवली. सकाळी सात ते संध्याकाळी पाच, दुपारी एक तास जेवण आणि पाठ टेकणं. त्यापुढं काम हवं असेल तर तासाला पाचशे रुपये वेगळे.

"हितल्या भावानं मागत नाय मी," ती म्हणाली. "चौथा हिस्सा मागते."

"पाचशे? नाशिकमध्ये कोण देतं तुम्हाला तासाला पाचशे?" ललितचा आवाज चढला.

"नाशकात रात्री मी माझ्या घरी झोपते."

पाच वाजले की ती हात धुवायची, स्वेटर घालायची आणि बाळाच्या खोलीतल्या गादीवर भिंतीकडे तोंड करून बसायची. बाळ रडायचं, तिचे हात शिवशिवायचे, पण ती उठायची नाही. आरोही बाळाला खांद्यावर घेऊन तिच्यासमोर येरझाऱ्या घालायची आणि रडायची. "तुम्हाला काहीच कसं वाटत नाही?" असं एकदा ती ओरडली. कुसाबाईला वाटत होतं. म्हणूनच ती भिंतीकडे बघायची.

नलिनीताईंचा फोन आला. आधी गोड. "कुसाबाई, अगं आपली माणसं ना आपण? आरू तुला मावशी म्हणते."

"मावशी म्हनते म्हनून तर पगार देत नाय."

मग आवाज बदलला. "दिनेश कुठे कामाला आहे ते विसरली नाहीस ना?"

"नाय विसरले," कुसाबाई म्हणाली. "तोबी गोदामात नऊ वाजता जातो आन तुम्ही सोडाल तवा येतो."

मारियानचा शेवटचा दिवस आला. आरोही न्हाणीघरात होती, ललित ऑफिसात. मारियाननं आपला फोन काढला, त्यात काही बोलली आणि फोन कुसाबाईपुढं धरला. फोनमधून एक बाई पुस्तकी मराठीत बोलली, "आपण या कुटुंबाच्या नातेवाईक आहात काय? आपणास येथे साहाय्याची आवश्यकता आहे काय?"

न्हाणीघराचं दार उघडलं. आरोही ओल्या केसांनी तिथंच उभी राहिली. तिनंही ऐकलं होतं. तिनं मान हलवली, नाही, नाही अशी.

कुसाबाईनं विचार केला. खरं सांगितलं तर काय होईल हे तिला माहीत नव्हतं. आरोहीला पोलीस नेतील, का मला? चार दिवसांच्या पोरीचं काय? तशी ती दहा दिवसांची झाली होती, पण कुसाबाईला सगळी बाळं चार दिवसांचीच वाटतात. आणि दिनेशचं काय? समोरच्या बाईवरही तिचा विश्वास नव्हता. हिनंच तर तवा नळाखाली धरला होता.

"मावशी हाय मी," ती फोनला म्हणाली.

मारियाननं तिच्याकडे एकदा, आरोहीकडे एकदा बघितलं, कोट घातला आणि गेली. आरोही खाली बसली. तिनं कुसाबाईचे हात धरले, थँक्यू म्हणाली.

"थँक्यूचं काय करू?" कुसाबाई म्हणाली. "पाचनंतरचं काय ठरलं ते सांग."

आरोहीनं हात सोडले. त्या दिवशी जे थोडं जुळलं असतं तेही गेलं.

मारियान यायची थांबली तशी घरात कामं वाढली, आणि कुसाबाईची वेळ तीच राहिली. ललितनं बोलणं बंद केलं. रात्री तिचं जेवणाचं ताट तो तिच्यापुढं ओट्यावर सरकवायचा, हातात द्यायचा नाही. सहाव्या आठवड्यात त्यानं परतीचं तिकीट टेबलावर ठेवलं. तारीख बदलल्याचा दंड त्यानं दुसऱ्या महिन्याच्या पगारातून कापणार असल्याचंही सांगितलं. पहिल्या महिन्याचे तीस हजार नाशकात दिनेशच्या हातात मिळाले होते. पुढचे काही मिळणार नव्हते.

कुसाबाई पेठ रोडला घरी पोचली तेव्हा दिनेश घरीच होता. दिवसाढवळ्या, बनियनवर. गोदामातून त्याला आधीच काढलं होतं.

"झालं तुझं समाधान?" हे त्याचे पहिले शब्द. पिशवी घ्यायलाही तो उठला नाही. "तीन महिने मुकाट्यानं राहायला काय झालं होतं तुला? तिकडच्या गोऱ्या बाईशी बरोबरी करायला गेलीस. ती शिकलेली हाय, तिचा देश वेगळा हाय."

"काम एकच हाय."

"देश एक नाय ना!" तो ओरडला. शेजारची भागीबाई दारात येऊन उभी राहिली. तीही न्हाऊ घालायची कामं करायची. तिनं दिनेशचीच बाजू घेतली. "तू असं भांडत बसली तर मोठी घरं आपल्या सगळ्यांनाच बंद होतील, कुसा."

चार दिवसांनी कुसाबाई नलिनीताईंच्या बंगल्यावर गेली. मुद्दाम भिशीचा दिवस धरला. दिवाणखान्यात दहा-बारा बायका, खाण्याच्या बशा, गप्पांचा गलका. नोकराला बाजूला करून ती आत गेली आणि दाराशीच उभी राहिली.

"ताई, माझे दुसऱ्या महिन्याच्या कामाचे पैसे राहिलेत."

नलिनीताई उठल्या नाहीत. "तुझ्या तिकिटाला किती लागले माहीत आहे? ते आधी तू दे." मग बायकांकडे वळून म्हणाल्या, "घरच्यासारखं ठेवलं हो हिला. लेकीची मावशी म्हणून नेली. तर म्हणे तिथल्या नर्सला तासाला दोन हजार मिळतात, मलाही द्या."

बायका हसल्या. कुसाबाईनं हसणं थांबेपर्यंत वाट बघितली.

"मावशी म्हनून नेलं ना? मग मावशीसारखी पाठवनी करायची होती. साडी-चोळी द्यायची, स्टेशनला सोडायला यायचं. कामवाली म्हनून नेलं असंल तर पगार द्या. दोन्हीतलं एक तरी करा. तुम्ही काम घेतलं बाईचं आन पैसे दिले मावशीला. मावशीला पगार नसतो."

पण कुणी तिच्या बाजूनं बोललं नाही. कोपऱ्यातली एक डॉक्टरीणबाई बशी खाली ठेवून म्हणाल्या, "हे बघ बाई, ते तुमचं तुम्ही बघा. पण आमच्याकडच्या बायकांना हे तासाचं वगैरे शिकवत फिरू नकोस. आधीच त्यांचे भाव काय कमी आहेत?" आणि मग त्या सगळ्या आपापल्या घरच्या कामवाल्या किती घेतात, किती खाडे करतात यावर बोलू लागल्या. कुसाबाई तिथंच उभी होती. नोकरानं तिच्या कोपराला धरून तिला बाहेर काढलं.

त्यानंतर गंगापूर रोडवर तिला एकही घर मिळालं नाही. नलिनीताईंनी काय सांगितलं कोण जाणे, फोन उचलणंच बंद झालं. एकीनं तर "तुम्ही परदेशात असता ना आता?" असं विचारून फोन ठेवला.

महिन्याभरानं दिनेशच्या मोबाइलवर पंधरा हजार रुपये आले. पाठवणारी आरोही. खाली एक ओळ, मम्मीला सांगू नका. दिनेश खुश झाला. "बघ, पोरगी चांगली हाय. उगाच तिच्यावर डूख धरलास."

"चांगली असती तर सांगून दिले असते," कुसाबाई म्हणाली. "हे लपवून दिलेत." पण पैसे तिनं ठेवून घेतले. ते तिचेच होते.

आता ती इंदिरानगर, पाथर्डी फाटा या बाजूला येते. दोन बस बदलून. घरं लहान, माणसं भाड्यानं राहणारी, नवरा-बायको दोघंही नोकरीला. इथं ती आधीच सांगते, आठ ते दहा, नाहीतर साडेदहा ते साडेबारा. पुढं थांबायचं तर वेगळे. अर्ध्या बायका नको म्हणतात. आमच्या सासूबाईंनीही घासाघीस केली, एकदा दहानंतर मोठ्या मुलाचं डोकं धुऊन द्यायला सांगून बघितलं. कुसाबाईनं भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं आणि पिशवी उचलली. सासूबाई दिवसभर धुमसत होत्या.

"तिकडं जाऊन हिचं डोकं फिरलं," त्या म्हणाल्या.

मला ती हवी होती, आणि तिच्यासारखी बाई त्या फाट्याला दुसरी नव्हती.

दिनेशला अंबडच्या एका कारखान्यात काम लागलं, ठेकेदारामार्फत. बारा-बारा तासांची पाळी. घरी तो आईशी बोलत नसे. जेवण झाकून ठेवलेलं घ्यायचा, खायचा आणि पडायचा. असे चार महिने गेले. कुसाबाई हे सांगताना बाळाच्या पाठीवर हात फिरवत होती, आणि हात जरा जास्तच जोरात फिरत होता.

मग एका रविवारी ठेकेदारानं त्याला पाळी संपल्यावर पुढच्या पाळीलाही थांबवून घेतलं. सोमवारी दुपारी तो घरी आला. डोळे लाल, पाय सुजलेले. कुसाबाईनं ताट वाढलं. दोन घास खाऊन त्यानं विचारलं, "आई, तिकडं जादा तासाचे वेगळे देतात का?"

"तिकडचं सोड," ती म्हणाली. "हितंबी कायदा हाय. जादा तासाला दुप्पट. भागीबाईचा जावई सांगत व्हता. तुझ्या ठेकेदाराला विचार."

"विचारलं तर काढून टाकंल."

"मग नको विचारू. खा."

"तुझं काय जातं बोलायला? तुझ्यामुळंच तर मी तिथं हाय!"

"माझ्यामुळं नाय. त्यांच्यामुळं!"

आणि दोघं ताटावरच भांडले. सगळं निघालं, गोदाम, विमान, नलिनीताई, देवरामचं आजारपणसुद्धा. भागीबाई पुन्हा दारात आली, या वेळी तिला दोघांनी मिळून हाकललं. दिनेश ठेकेदाराला अजून काही बोललेला नाही. बोलेल असं कुसाबाईलाही वाटत नाही.

"पन बोलला तरी माझ्याशी," ती म्हणाली, बाळाचे दोन्ही पाय धरून हलकेच ताणले आणि गरम पाण्याची बादली जवळ ओढली.